पट्ट्याला दगड ठाऊक नसतो

मुलांनो, डोळे मिटा असं मी सांगणार होतो. पण डोळे मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? तेव्हा ते उघडेच ठेवा आणि नुसती कल्पना करा.

कल्पना करा की तुम्ही जमिनीच्या पोटात आहात. चाळीस मजली इमारत उलटी करून जमिनीत खोचली, तर तिचा शेवटचा मजला जिथे येईल तिथे. वर कापसाची शेतं आहेत, रस्त्यावरून एस.टी. धूळ उडवत चालली आहे, कुणाच्या तरी अंगणात वाळवण घातलं आहे. तुम्हाला यातलं काही ऐकू येत नाही. डोक्यावरचा दिवा विझवला तर स्वतःचा हात नाकाला टेकला तरी दिसत नाही. आणि अशा काळोखात एका म्हाताऱ्या माणसाच्या मनगटावर एक हिरवा ठिपका चमकतो आहे. तो म्हातारा म्हणतो आहे, "चला माझ्या मागून."

जाल?

घाईने उत्तर देऊ नका. आचल लोणगाडगे नावाच्या मुलीपुढे हाच प्रश्न आला होता, आणि तो म्हातारा तिचा सख्खा आजोबा होता.

ही गोष्ट फार पुढची नाही. तुमच्यातली धाकटी मंडळी कॉलेजात जातील त्या सुमाराची. तेव्हा घरोघरी प्रत्येकाच्या मनगटावर खात्रीपट्टा आलेला होता.

हा पट्टा का आला, ते आधी समजून घ्या. माणसाची एक जुनी खोड आहे. त्याला जेवढं कळतं, त्याहून जास्त कळतं असं त्याला वाटतं. आणि गंमत अशी, की हे नुसतं वाटणं आतून अगदी कळण्यासारखंच लागतं. बरोबर खात्री आणि चुकीची खात्री या दोघींची चव एकच. 'माझी नव्वद टक्के खात्री आहे' असं छातीठोकपणे सांगणारी माणसं मोजायला बसलं, तर शंभरात नव्वद वेळा बरोबर निघत नाहीत, पुष्कळ कमी वेळा निघतात. नवशिके फसतात तसे मुरलेलेही फसतात. मुरलेल्यांचं फसणं जास्त महाग पडतं, कारण त्यांच्यामागे चार माणसं चालत असतात.

मग शास्त्रज्ञांनी कानामागे चिकटवायची एक टिकली केली, तुरीच्या दाण्याएवढी. माणूस काही ठरवतो तेव्हा मेंदूत जे बारीक विजेचे तरंग उठतात, त्यांवरून ती टिकली ओळखे की याची खात्री किती. मनगटावरचा पट्टा ते लिहून ठेवी आणि पुढे माणूस बरोबर ठरला की चूक, तेही लिही. अशा शेकडो नोंदी झाल्या की पट्टा हिशेब मांडी. ऐंशी टक्के खात्री असताना तुम्ही खरोखरच शंभरात ऐंशी वेळा बरोबर निघालात? मग हिरवा. त्याहून कमी? लाल. आणि ज्या विषयात तुमच्या नोंदीच नाहीत, तिथे राखाडी.

कल्पना चांगली होती. सुरुवातीला तिने भलंही केलं. उगाच ठोकून देणारे डॉक्टर जपून बोलू लागले. ग्रामसभेत लाल पट्टेवाले आवाज चढवण्याआधी विचार करू लागले. लग्नाच्या बोलणीत 'मुलाचा कशाकशात हिरवा?' असं विचारलं जाऊ लागलं. पण हळूहळू एक गोष्ट बदलली आणि ती कुणाच्या ध्यानात आली नाही. पूर्वी माणसं एकमेकांना 'कशावरून?' असं विचारत. आता ती मनगटाकडे बघत.

आचलचे आजोबा, म्हणजे तिचे आबा, मोतीराम लोणगाडगे हे नांदगोट्याच्या कोळसा खाणीत सरदार होते. खाणीतला सरदार घोड्यावर बसत नाही. पाळी सुरू व्हायच्या आधी जो आत जातो, डोक्यावरचं छत तपासतो आणि मग मजुरांना 'या' म्हणतो, तो सरदार. त्याच्या एका 'या'वर पन्नास घरांची चूल अवलंबून.

छत तपासायची रीत साधी होती. लोखंडी टोकाच्या काठीने छताला ठोकायचं आणि दुसऱ्या हाताचा तळवा छताला लावून ठेवायचा. दगड घट्ट असला तर तो 'टण्ण' बोलतो. वरच्या थरापासून सुटलेला असला तर 'भद्द' असा पोकळ आवाज येतो आणि तळव्याला बारीक थरथर लागते. बाकीचे सरदार दहा पावलांवर एकदा ठोकत. आबा दर चार पावलांवर ठोकत. दिवसभर त्यांचं वाजवणं चालूच, म्हणून मजूर त्यांना 'भजनीबुवा' म्हणत.

खाण बंद झाली. वरचे दोन मजले लोकांना दाखवायला ठेवले, खालचे सोडून दिले. आबा तिथेच वाटाडे म्हणून लागले. चार वर्षांपूर्वी पट्टा आला तेव्हा त्यांची परीक्षा झाली. छतांचे शेकडो आवाज त्यांना ऐकवले, चाळीस वर्षांच्या नोंदवह्या तपासल्या. शंभरात सत्त्याण्णव! अख्ख्या जिल्ह्यात असा हिरवा कुणाचा नव्हता. पेपरात फोटो आला. त्यांची काठी खाणीच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत गेली, आणि आबा रिकाम्या हाताने खाली उतरू लागले. छताकडे बघायचे, मग मनगटाकडे, आणि म्हणायचे, "ठीक हाय."

घरात मात्र या हिरव्याचा थोडा जाच होऊ लागला होता. मिक्सर बिघडला तर आबा पेचकस घेऊन बसले. आचल म्हणाली, "आबा, मिक्सरसाठी तुमचा पट्टा राखाडी हाय."

"राखाडी म्हंजे नाही तं म्हणत नाही ना!" आबा म्हणाले.

मिक्सरमधून धूर निघाला. आबा म्हणाले, कंपनीच खराब.

आचल तेव्हा आठवीत होती. विज्ञान प्रदर्शनासाठी तिने आणि वर्गातल्या प्रणय टेंभुर्डेने विषय घेतला होता, 'बंद खाणीतली हवा'. त्यासाठी जानेवारीतल्या एका सकाळी ती दोघं, त्यांच्या दुर्गे मॅडम आणि आबा असे चौघे पिंजऱ्यासारख्या लिफ्टमधून खाली गेले. सोबत हवेचं तापमान आणि ओल मोजायची एक पेटी होती आणि ती उभी करायला लोखंडी दांड्याचं स्टँड.

प्रणयला दमा होता आणि गप्प बसायचं वावडं होतं. "आबा, इथी भूत हाय का?"

"होतं. तुयासारखं बोलणारं पोरगं आलं तवा पळून गेलं."

मॅडम हसल्या. आचल पेटीवरचे आकडे वहीत उतरवत होती. ओल सत्त्याण्णव टक्के. तिने दिवा वर केला. छतावर घामासारखे थेंब होते.

"आबा, छत ओलं हाय."

"पाझरते थोडं. आमच्या वक्ताले असं नव्हतं. तवा मोठा पंखा फिरे, पंप रातदिस पाणी उपसत. कोरडी ठणठणीत राहे खाण." आबांनी छताकडे पाहिलं, मग मनगटाकडे. "ठीक हाय. चाला."

ती वीसेक पावलं पुढे गेली असतील. प्रणयने दप्तर मागेच एका कोपऱ्यात टेकवून ठेवलं होतं, आणि पेटीपाशी बघायला तो पुढे आला होता. तेवढ्यात मागे, आल्या वाटेवर, कुणीतरी सुपातून तांदूळ सांडावेत असा आवाज आला.

आबा ओरडले, "भिताडाले चिपका!"

पुढचा आवाज आचलला पुढे कधीच नीट सांगता आला नाही. तो कानांनी ऐकला नाही म्हणायची, छातीने ऐकला. वाऱ्याचा एक लोंढा अंगावर आला, दिवे धुळीत बुडाले, आणि मग इतकी शांतता झाली की प्रणयचा श्वास शिट्टीसारखा ऐकू येऊ लागला.

धूळ जरा बसल्यावर दिसलं. आल्या वाटेच्या जागी दगडांचा ढीग होता, थेट छतापर्यंत. लिफ्ट त्याच्या पलीकडे. भिंतीवरचा टेलिफोन आबांनी उचलला. तो मुका होता. मॅडम खाली बसल्या होत्या. एक दगड घोट्याला लागून पाय सुजत चालला होता. आणि प्रणयचं दप्तर ढिगाखाली गेलं होतं. त्यात त्याचा दम्याचा फवारा होता.

"वरच्यायले कळलं असन," आबा म्हणाले. "येतीन. पण किती वेळानं येतीन, काय सांगावं."

आचलने आबांच्या मनगटाकडे पाहिलं. ठिपका हिरवाच होता. हजार वेळा बरोबर ठरलेला माणूस एकदा चुकला तर हिशेब कितीसा हलणार? केसाएवढाही नाही.

"आबा, तुमी 'ठीक हाय' म्हटलं होतं," ती हळूच म्हणाली.

"मी म्हटलं ते बरोबरच होतं. त्या जागी छताले धरून ठेवाले नव्या पोरायनं लोखंडी बोल्ट मारले मागच्या साली. त्यायनं छत खिळखिळं केलं. त्याले मी काय करू?"

मिक्सरच्या वेळी आबांचा आवाज असाच होता.

प्रणय भिंतीला पाठ लावून बसला होता. मॅडमनी त्यांचा रुमाल पाण्याने भिजवून त्याच्या नाकातोंडावर धरला होता. त्याचे खांदे प्रत्येक श्वासाला वर उचलत होते. "मी… ठीक हाय," तो म्हणाला, आणि एवढ्या तीन शब्दांतही त्याला थांबावं लागलं.

आबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि ते उठले. "तिसरी गॅलरी," ते म्हणाले.

खाणीत आडव्या बोगद्याला गॅलरी म्हणतात. समोर तारेच्या जाळीचं एक दार होतं, त्याच्या मागे तिसरी गॅलरी. लोकांना दाखवायच्या भागात ती नव्हती. आबांनी तिथे सहा वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं, पण त्याआधी चाळीस वर्षं ती त्यांच्या पायाखालची होती. चारशे पावलं सरळ, मग वर चढत जाणारी जुनी उतरण, तिच्या टोकाला लोखंडी दार, की बाहेर ऊन.

"मी पोराले घेऊन जातो. अर्ध्या घंट्यात दवाखान्यात राहीन तो. मॅडमजी, तुमच्यानं चालणं होत नाही. आचल तुमच्यापाशी बसते. मी माणसं घेऊन येतो."

"बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. दिव्याच्या उजेडात त्यांनी आबांचं मनगट नीट पाहून घेतलं आणि सुस्कारा सोडला. "हिरवा आहे."

"आबा," आचल म्हणाली, "आधी ठोकून पाहा ना."

"काय?"

"छत. पहिले ठोकत होते तसं."

आबा हसले. लहान मुलाने मोठ्या माणसाला चालायला शिकवावं, तेव्हा हसतात तसं. "पोरी, तिसऱ्या गॅलरीचं छत मले माह्या तळहातावानी ठाऊक हाय. चाळीस वर्षांत तिथून गव्हाएवढा खडा नाही पडला. चारशे पावलं ठोकत बसलो तं या पोराचा दम निंघून जाईन."

हेही खोटं नव्हतं. प्रणयची शिट्टी वाढत चालली होती. आचलने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा जाळीमागच्या काळोखाकडे. मागे ढीग, पुढे काळोख, खाली बसलेल्या मॅडम, आणि वेळ तर कुणाच्याच हातात नाही. जिकडे बघावं तिकडे वाट बंद होती. आणि जी एक उघडी होती, तिच्याकडे आबा बोट दाखवत होते. मग तिला तीच का नको वाटत होती?

"आचल, वेळ घालवू नकोस," मॅडम म्हणाल्या. "त्यांचा हिरवा आहे, तुझा बघ."

तिचा राखाडी होता. खाणीबद्दल तिच्या नावावर एकही नोंद नव्हती. राखाडीचं कुणी ऐकत नसे. शाळेत तर राखाडी मुलाने हात वर केला तरी पोरं हसत.

ती गप्प झाली, पण तिचं डोकं गप्प झालं नाही. हिरवा म्हणजे नेमकं काय, असं ती स्वतःलाच विचारू लागली. टिकली कुठे असते? आबांच्या कानामागे. ती ऐकते कुणाला? आबांना. छताच्या कानामागे कुणी टिकली लावलेली नाही.

आणि तिला सकाळची आठ वाजून दहा मिनिटांची एस.टी. आठवली. तीन वर्षं ती रोज त्या गाडीने शाळेत जात होती. गाडी येणार का, याबद्दल तिचा पट्टा असा हिरवागार की काय सांगावं. मग एके दिवशी गाड्या बंद होत्या, तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती साडेनऊपर्यंत फाट्यावर उभी होती, आणि साडेनऊपर्यंत पट्टा हिरवाच होता. पट्ट्याला गाड्या बंद असल्याचं कुठून कळणार? त्याला आचल ठाऊक होती. एस.टी. ठाऊक नव्हती.

तोवर आबांनी जाळीच्या दाराची कडी काढली होती. प्रणयचा हात धरून ते निघणार, इतक्यात आचल धावत जाऊन दारात उभी राहिली.

"सरक."

"आबा, एकच सांगा. चाळीस वर्षं तुमी तिथून जात होते, तवा पंप चालू होते का?"

"हाव. मंग?"

"पंखा?"

"चालू होता ना. सरक म्हणतो मी."

"म्हंजे तुमच्या सगळ्या नोंदी कोरड्या छताच्या हायेत. ओल्या छताची एकबी नाही. ओल्या छतासाठी तुमीबी माह्यासारखेच राखाडी हाय, आबा. पट्ट्याले ते कळत नाही, कारण त्याले दगड ठाऊकच नाही. त्याले फक्त तुमी ठाऊक हाय."



आबांचा चेहरा लाल झाला. मॅडमसमोर, या पोरासमोर, आठवीतली नात त्यांना खाण शिकवत होती. "जिल्ह्यात माह्यावानी दुसरा माणूस नाही! शंभरात सत्त्याण्णव! अन् तू… हे पाह्य!" त्यांनी मनगट तिच्या नाकासमोर धरलं. "पाह्य, अजूनबी हिरवाच हाय! मी तुयाकडं पाह्यलं, तुयं ऐकलं, इचार केला, तरी हिरवा!"

आचलला रडू येत होतं. आबांशी ती या सुरात कधीच बोलली नव्हती. रडत रडतच तिने गळ्यातला स्कार्फ काढला आणि त्यांच्या मनगटाला, पट्ट्यावरून, दोन वेढे देऊन गाठ मारली. आबा इतके चकित झाले की त्यांनी हात मागे घेतला नाही.

"आता सांगा," ती म्हणाली. "आता सांगा आबा, छत कसं हाय?"

हिरवा उजेड गेला होता. आबांनी सवयीने मनगटाकडे पाहिलं. तिथे फुलाफुलांचं कापड होतं. त्यांनी जाळीपलीकडे पाहिलं, पुन्हा मनगटाकडे पाहिलं. चष्मा हरवलेला माणूस भिंत चाचपतो तसे त्यांचे डोळे चाचपडू लागले. ते तोंड उघडत होते आणि मिटत होते. आचलने तिच्या उभ्या आयुष्यात आबांना शब्द सापडत नाहीत असं पाहिलं नव्हतं, आणि तिला वाटलं आपण काहीतरी मोडलं, मिक्सरपेक्षा फार मोठं.

"मले…" आबा म्हणाले. आणि बऱ्याच वेळाने, दुसऱ्याच कुणाच्या आवाजात: "तो स्टँडचा दांडा दे इकडं."

प्रणय मॅडमपाशी बसला. आबा आणि आचल जाळीच्या आत गेले. छत इतकं बुटकं होतं की आबांचा तळवा सहज पोचत होता. त्यांनी डावा हात छताला लावला, उजव्या हाताने ठोकलं.

टण्ण.

चार पावलं. टण्ण. पुन्हा चार. टण्ण. आबांची मान किंचित तिरकी झाली होती, डोळे अर्धवट मिटले होते. त्यांचं हे रूप आचल पहिल्यांदाच पाहत होती. त्यांच्याबद्दल गावातले म्हातारे जे सांगत, ते तिला आता दिसत होतं. आणखी चार. टण्ण. आपण उगाच अडवलं की काय, असं तिच्या मनात आलं. प्रणयची शिट्टी इथवर ऐकू येत होती.

अठ्ठाविसाव्या पावलावर दांडा छताला लागला आणि आवाज आला: भद्द.

तापल्या तव्यावरून काढावा तसा आबांनी हात काढला. ते पुतळ्यासारखे थांबले. मग हलकेच हातभर डावीकडे ठोकलं. भद्द. उजवीकडे. भद्द. त्यांनी आचलच्या दंडाला धरलं आणि एक शब्द न बोलता, मागे न वळता, तिला एकेक पाऊल उलटं चालवत दारापर्यंत आणलं. मग त्यांनी कडी लावली.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"तिकडून नाही जायचं," आबा म्हणाले. "छत सुटलं हाय. पावलांच्या हादऱ्यानंच येईन खाली."

प्रणयने हात पुढे करून आबांच्या मनगटावरची गाठ सोडली. स्कार्फ गळून पडला. "आबा…" तो म्हणाला आणि श्वासासाठी थांबला. "हा तं… अजून हिरवाच!"

चौघांनीही पाहिलं. 'चला' म्हणताना हिरवा होता. 'नाही जायचं' म्हणतानाही तसाच हिरवा. तोच ठिपका, तोच उजेड. मधल्या दहा मिनिटांत काय घडलं, याची त्याला दादही नव्हती.

आबा भिंतीला टेकून खाली बसले. ते आपल्या डाव्या तळव्याकडे बघत होते. "सहा वर्षं झाली," ते म्हणाले, "खाण बंद झाल्यापासून मी दगडाले हातच नाही लावला. पहिल्या दोन वर्षांत काठी नुसती हातात राहे; वाटे, आता खाण बंद, इथी कोण मरते. मंग हा पट्टा आला." मग त्यांनी नातीकडे पाहिलं. "तुले घेऊन गेलो असतो ना मी."

"मले नाही, प्रणयले," आचल म्हणाली.

"हो… मलेच," प्रणय म्हणाला. "भूत… झालो असतो… इथचं."

मॅडम हसल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. त्यांनी आचलला जवळ ओढून घेतलं. "तू होतीस म्हणून. पट्टा काही का म्हणेना, आजपासून मी तुझं ऐकणार."

मग वाट बघणं सुरू झालं. धूळ खाली बसत होती. ओल्या रुमालातून आणि ताठ बसून प्रणयला श्वास जरा बरा मिळत होता. शिट्टी थांबली नव्हती, पण वाढतही नव्हती. दिवे वाचवायला त्यांनी तीन विझवले, एक ठेवला. ढिगाच्या पलीकडून काही आवाज येतो का, म्हणून सगळे कान लावून बसले. काही येत नव्हतं. उकरणारी माणसं पोचायला अजून सात तास होते, हे त्यांना कुठे ठाऊक होतं!

"आता इथून हलायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "आचलने सांगितलं तेच बरोबर. इथेच बसून राहायचं."

"इथंच बरं," आबा मान हलवून म्हणाले. "पोरगी शहाणी हाय."

"हो, इथंच थांबू," आचल म्हणाली. ती मॅडमच्या कुशीत बसली होती. तिला छान वाटत होतं. छातीत काहीतरी ऊबदार, घट्ट, भरल्यासारखं. ती बरोबर होती. आबा चुकले आणि ती बरोबर निघाली. इथेच थांबायचं, इथे काही होणार नाही. हे तिला आतून अगदी पक्कं, अगदी स्वच्छ कळत होतं.

कळत होतं?

ती सरळ बसली. आबांना तिसऱ्या गॅलरीबद्दल असंच वाटत असेल. अगदी असंच, ऊबदार आणि घट्ट. मघाशी तिने त्यांना विचारलं होतं, तसं आता तिला विचारायला कुणी नव्हतं. तिघंही तिच्याकडे विश्वासाने बघत होते. तिने या जागेबद्दल कुठे काय तपासलं होतं? पुढे धोका आहे, एवढंच कळलं होतं. त्यावरून इथे नाही, असं सगळ्यांनी धरलं होतं, आणि सगळ्यांत आधी तिने.

तिने दिवा वर केला. प्रणयच्या डोक्यावर छत चमकत होतं. ओलं.

आचल उठली. लोखंडी दांडा तिने हातात घेतला.

"मॅडम, प्रणयला घेऊन जरा बाजूला सरकता? भिंतीला लागून."

"का गं? तूच तर म्हणालीस…"

"मी म्हटलं. पण मी पाह्यलं नाही." ती आजोबांकडे वळली. "आबा, तुमी तिकडं तोंड करा अन् डोळे मिटा. माह्याकडं पाहू नका. फक्त ऐका, अन् जे ऐकू येईन तेच सांगा. मले बरं वाटावं म्हणून काही सांगू नका."

आबांनी भिंतीकडे तोंड केलं.

आचलने चवड्यांवर उभं राहून डावा तळवा छताला लावला. दगड थंड होता. जिथे प्रणय इतका वेळ बसला होता, बरोबर त्याच्या वर, तिने दांडा उचलला आणि ठोकलं.